जुन्या नायट्रस किटचा रिले: गोव्यातल्या गाडीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फोंड्यात गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम करतो. नायट्रसची, म्हणजे इंजिनात नायट्रस ऑक्साइड वायू सोडून ताकद वाढवणाऱ्या किटची, कामं वर्षाला एखाद-दोनच येतात, पण येतात तेव्हा किट जवळजवळ नेहमी सेकंडहँड असतं. वायरी कापलेल्या, रिलेला (विजेने चालणाऱ्या स्विचच्या डबीला) काळी टेप गुंडाळलेली, आकृती गायब. गिऱ्हाईक बाटली आणि नोझलबद्दल तासभर बोलतं आणि रिलेकडे बघतही नाही. इंजिन वाचणार की जळणार हे मात्र बऱ्याचदा त्या काळ्या डबीवरच ठरतं. त्यामुळे तेच तेच प्रश्न इथे एकत्र लिहून ठेवतो.

आधी सांगा, हे कायद्याने चालतं का?

रस्त्यावर चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने नोंदवलेल्या मूळ रचनेत मालकाला आपल्या मर्जीने बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करणार ते वेगळंच.

गोव्यात कायमचा रेसिंग ट्रॅक नाही. कोइम्बतूरचा कारी किंवा चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टई, इतकं लांब जावं लागतं. म्हणून ट्रेलरवर चढवून ट्रॅकला नेतात त्याच गाडीचं काम मी घेतो. रात्री एक वाजता पणजीच्या अटल सेतूवर उडवायला कुणी किट बसवून मागितलं तर मी नाही म्हणतो. तुम्हीही तसल्या कामासाठी पुढचं वाचू नका.

रिले हवाच कशाला? डॅशबोर्डवरच्या स्विचवरून सॉलेनॉईडला (विजेने उघडणाऱ्या झडपेला) थेट वायर दिली तर?

स्विच जळेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे चिकटून बसेल. नायट्रसचा सॉलेनॉईड दहा अँपिअर सहज खातो, मोठा असेल तर त्याहून जास्त. ॲक्सिलरेटरपाशी बसणारा मायक्रोस्विच एवढा करंट तोडायला केलेलाच नसतो. रिलेच्या कॉइलला जेमतेम दीडशे मिलिअँपिअर लागतात. हा हलका करंट तुमच्या स्विचांमधून फिरतो आणि जड करंट बॅटरीपासून रिलेमार्गे सरळ सॉलेनॉईडला जातो.

किटसोबत आलेला जुना रिले वापरू का?

नको. सॉलेनॉईड तपासून वापरा, मायक्रोस्विच तपासून वापरा, बाटलीचा ब्रॅकेटही वापरा. रिले आणि त्याचं सॉकेट नवीन घ्या. दोन-तीनशे रुपयांची वस्तू आहे ही.

का म्हणतो ते सांगतो. एका पोराची जुनी एस्टीम माझ्याकडे होती आणि किट कुठल्यातरी दुकानातून ‘चालू कंडिशन’ म्हणून आणलेलं. बाटली जोडलेली नव्हती, हे नशीब. मी टेबलावर बॅटरी लावून रिले चालवला. टक् करून आवाज आला आणि सॉलेनॉईडनेही टक् केलं. स्विच बंद केला तर रिलेतून बारीकसा आवाज झाला, पण सॉलेनॉईड गप्प. हात लावून पाहिला तर तो तापायला लागलेला, म्हणजे त्यात करंट अजून चालूच होता. पोरगा बाजूला उभा होता, म्हणाला, “दादा, बंद झालाय की.” मी काही न बोलता रिलेचं टोपण पेचकसाने उचकटून दाखवलं. आतले दोन्ही पॉइंट एकमेकांना वितळून चिकटले होते, जोंधळ्याच्या दाण्याएवढा चांदीचा काळपट गोळा. पिनांच्या मुळाशी हिरवी पूड साचली होती. मागचा मालक कुठल्यातरी किनाऱ्यालगत राहत असणार.

हे गाडीत झालं असतं तर? पाय ॲक्सिलरेटरवरून काढल्यावर हवेची झडप मिटते, इंजिन उतरायला लागतं, पण नायट्रस आणि जादा पेट्रोल आत ओतलं जातच राहतं. मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत, ते साठतं आणि एक ठिणगी मागे आली की मॅनिफोल्डच फुटतो. म्हणून नायट्रसच्या रिलेकडे बघताना माझा पहिला प्रश्न एकच असतो: हा बिघडला तर गॅस बंद राहील की चालू राहील? पुढची सगळी उत्तरं याच प्रश्नातून आली आहेत.

रिलेच्या पिनांवरच्या आकड्यांचा अर्थ काय?

३० म्हणजे बॅटरीकडून येणारा प्लस. ८५ आणि ८६ ही कॉइलची दोन टोकं. ८७ वर रिले ओढला गेल्यावरच, म्हणजे कॉइलने पॉइंट जोडल्यावरच, करंट येतो आणि सॉलेनॉईड तिथेच जोडायचा. ही जर्मन पद्धतीची खूण आहे, जगभर चालते.

घोटाळा होतो तो पाचव्या पिनेवर. मधली ८७ए ही रिले सुटलेला असताना जोडलेली असते आणि ओढला गेला की तुटते. चुकून सॉलेनॉईड तिथे लावला तर स्विच बंद असताना गॅस सुरू आणि चालू केल्यावर बंद. जुन्या किटमध्ये मी हे एकदा खरंच पाहिलं आहे. तुम्ही चार पिनांचाच रिले घ्या, म्हणजे चुकायला जागाच उरत नाही.

नवा रिले तरी खरा आहे हे कसं ओळखायचं?

टोपणावर ४० अँपिअर छापलं म्हणजे आत ४० अँपिअरचे पॉइंट असतीलच असं नाही. मल्टिमीटर ओमवर लावून ८५-८६ मध्ये मोजा, साधारण ७० ते १०० ओम यायला हवेत. ३० आणि ८७ मध्ये काहीच लागू नये. मग कॉइलला १२ व्होल्ट द्या, ३०-८७ जोडलं गेलं पाहिजे.

पण खरी परीक्षा लोड टाकून होते. हेडलाइटचे ५५ वॅटचे दोन बल्ब समांतर जोडा, म्हणजे सुमारे नऊ अँपिअर जातील. ते जळत असताना मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून ३० आणि ८७ या पिनांवर लावा. पन्नासच्या आसपास दिसलं तर माल उत्तम. दोनशेच्या वर गेलं तर तो रिले परत करा. बल्ब डोळ्यांना तसाच लख्ख दिसतो, त्यावर विश्वास ठेवू नका.

नायट्रस आणि पेट्रोल असे दोन सॉलेनॉईड आहेत. रिले एक लावू की दोन?

एक. आणि फ्यूजसुद्धा दोघांना मिळून एकच.

बरेच जण सुरक्षितता म्हणून दोन रिले, दोन फ्यूज लावतात. ऐकायला बरं वाटतं. आता विचार करा, पेट्रोलच्या सॉलेनॉईडचा फ्यूज उडाला आणि नायट्रसचा शाबूत राहिला. नायट्रसमध्ये वजनाने ३६ टक्के ऑक्सिजन असतो, हवेत तो सुमारे २३ टक्के. सिलिंडरमधल्या उष्णतेने नायट्रस फुटतो आणि तो सगळा ऑक्सिजन मोकळा होतो. सोबत जादा पेट्रोल नसेल तर पिस्टनच्या कडा मेणासारख्या वितळतात, आणि त्याला काही सेकंदच लागतात. एकच फ्यूज असला की तो उडाल्यावर दोन्ही एकदम बंद. गाडी साध्या ताकदीवर येते, तुम्ही शिवी हासडता आणि इंजिन वाचतं.

हे झालं दोन सॉलेनॉईडच्या किटबद्दल. ज्या गाडीत जादा पेट्रोल इंजेक्टरमधूनच दिलं जातं तिथे एकच सॉलेनॉईड असतो आणि सगळा भार ट्यूनिंगवर येतो. ते काम वायरमनचं नव्हे.

फ्यूज किती अँपिअरचा, वायर किती जाड?

मोजल्याशिवाय उत्तर देता येत नाही. सॉलेनॉईडचे ओम मोजा. मागच्या किटमध्ये नायट्रसचा १.५ ओम होता आणि पेट्रोलचा ४. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट असतात. भागाकार केला की ९.२ आणि ३.४५, मिळून साडेबाराच्या थोडं वर. त्याला २० अँपिअरचा फ्यूज आणि २.५ चौरस मिलिमीटरची वायर लावली.

एक चौरस मिलिमीटरची वायर का चालत नाही? तीन मीटर लांबीत साडेबारा अँपिअरला ती पाऊण व्होल्टच्या जवळपास खाते. २.५ ची वायर पाव व्होल्टच्या आसपासच खाते. सॉलेनॉईडला आतल्या दाबाविरुद्ध सुई उचलायची असते. व्होल्ट कमी पडले की तो अर्धवट उघडतो किंवा थरथरतो, आणि त्याच्यासोबत रिलेचे पॉइंटही जळायला लागतात.

फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरातच हवा. फ्यूजच्या आधीची वायर उघडी पडली तर तिला वाचवणारं कुणी नसतं. कॉइलच्या बाजूला ०.७५ ची वायर आणि तिचा वेगळा ३ किंवा ५ अँपिअरचा फ्यूज पुरे. तो उडाला तरी रिले सुटतो, म्हणजे गॅस बंदच.

आकृतीत मायक्रोस्विच अर्थच्या (मायनस, म्हणजे बॉडीच्या) बाजूला दाखवलाय, तुम्ही प्लसच्या बाजूला लावायला सांगता. का?

हा प्रश्न विचारणारे थोडे, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच.

अर्थच्या बाजूला स्विच म्हणजे कॉइलच्या एका टोकाला कायम प्लस, आणि दुसरं टोक स्विचमधून बॉडीला. आता ती दुसरी वायर बॉनेटखालून, फायरवॉलच्या भोकातून पेडलपर्यंत येते. गोव्यातल्या रस्त्यांवर वर्षभर हादरे खाऊन तिचं आवरण पत्र्याच्या धारेवर घासलं आणि तांबं बॉडीला लागलं, तर रिलेला वाटतं स्विच दाबला गेला. पाय पेडलवर नसताना गॅस सुरू.

तीच वायर प्लसच्या बाजूची असती तर बॉडीला लागताच छोटा फ्यूज उडाला असता. म्हणून माझी मांडणी अशी: चावीचा प्लस, ५ अँपिअरचा फ्यूज, झाकण असलेला आर्मिंग स्विच (यंत्रणा सज्ज करणारा मुख्य स्विच), मग पेट्रोलच्या दाबाचा सेफ्टी स्विच, मग पेडलपाशी मायक्रोस्विच, आणि तिथून रिलेची ८६. रिलेची ८५ सरळ बॉडीला, वीतभर वायरीने. सगळे स्विच एकामागोमाग एका ओळीत. एकानेही ‘नाही’ म्हटलं की रिले ओढला जात नाही.

आरपीएम विंडो स्विच (इंजिनाच्या ठरावीक वेगातच गॅस चालू देणारा) बसवणार असाल तर त्याचं आउटपुट बऱ्याचदा अर्थ देणारं असतं. तेवढं एकच ८५ वर घ्या, पण तो स्विच रिलेला चिकटून बसवा म्हणजे ती वायर तळहाताएवढीच राहील. आणि तिला स्लीव्ह घाला.

चावीचा प्लस कुठून घेऊ? म्युझिक सिस्टिमच्या वायरीतून घेतला तर?

तो चावी ॲक्सेसरीवर असली तरी येतो, इंजिन बंद पडलं तरी तसाच राहतो. पेट्रोल पंपाच्या रिलेच्या आउटपुटवरून घ्या. इंजेक्शनच्या गाडीत इंजिन फिरायचं थांबलं की संगणक पंप बंद करतो, आणि त्याबरोबर नायट्रसचा रिलेही सुटतो. ट्रॅकवर गाडी गरकन फिरून बंद पडली तर तुम्हाला काही आठवावं लागत नाही.

डायोड लावायचाच का?

हो. कॉइलचा करंट तुटताना उलटा झटका येतो, शेकडो व्होल्टचा. तो मायक्रोस्विचचे नाजूक पॉइंट खातो. १एन४००७ डायोड, पाच रुपयांच्या आत मिळतो, ८५ आणि ८६ वर आडवा लावा. पांढरा पट्टा प्लसकडे, म्हणजे ८६ कडे. उलटा लावलात तर पहिल्याच वेळी फ्यूज उडेल.

इथल्या खाऱ्या वाऱ्याचं आणि पावसाचं काय करायचं?

वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि बारा महिने मिठाचं वारं. मुंबई-पुण्याकडून आलेलं किट इथे दोन पावसाळ्यांत हिरवं पडतं. जुनी वायर सोलून बघा. टोकाशी चकाकणारं तांबं आत काळं पडलेलं असतं, कधी वीतभर आतपर्यंत. कापत जा, चकाकी दिसेपर्यंत. दिसली नाही तर ती वायर भंगारात द्या, सोल्डर तिच्यावर धरतच नाही.

शक्य असेल तर टिन चढवलेली तांब्याची वायर वापरा. होड्यांच्या वायरिंगला हीच लागते. मालीम किंवा कुटबणच्या जेटीवर ट्रॉलरचं काम करणाऱ्याला विचारा, तो नेमकं दुकान सांगेल. साध्या वायरीपेक्षा महाग पडते, पण इथे दहा मीटरच्या वर लागतेच किती?

जोड नीट क्रिंप करा, वरून आत गोंद असलेली हीट श्रिंक ट्यूब चढवा. नुसती काळी टेप मे महिन्यात चिकट होऊन सुटते आणि जूनमध्ये आत पाणी धरते. रिले फायरवॉलवर उंच, पिना खाली करून बसवा. वायरी सॉकेटमधून आधी खाली येऊन मग वर वळल्या पाहिजेत, म्हणजे पाण्याचा थेंब वळणावरून गळून जातो, सॉकेटमध्ये शिरत नाही. कौलांच्या पन्हळीचंच हे तंत्र.

किटसोबत बाटली गरम करायचा हीटर आणि त्याचा दुसरा रिले आलाय. तोही जोडू?

काढून ठेवा. थंड देशांत बाटलीतला दाब ९०० ते १,००० पीएसआयपर्यंत न्यायला हीटर लागतो. नायट्रस ३० अंशांना आपणहून ९०० पीएसआयच्या पुढे जातो, आणि गोव्यात ३० अंश म्हणजे साधी दुपार. ३६.४ अंशांच्या वर तर तो द्रव राहतच नाही, दाब भराभर चढतो. मेमध्ये मडगावच्या बाजारात उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीत याहून कितीतरी जास्त असतं. तिथे हीटरचा जुना रिले चिकटला तर बाटलीची सेफ्टी डिस्क फुटून सगळा गॅस बंद गाडीत सुटेल. तो हवेची जागा घेतो, आत बसलेल्याचा श्वास कोंडतो. ट्रॅकवर पोचेपर्यंत बाटली सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवा. डिस्कची नळी गाडीबाहेर काढलेली असलीच पाहिजे.

काम झालं. पहिली चाचणी कशी घ्यायची?

बाटली गाडीबाहेर. पेट्रोलच्या सॉलेनॉईडकडे जाणारी नळी सोडवून तिचं तोंड बंद केलेलं. हे दुसरं लोक विसरतात. इंजिन थांबलेलं असताना सॉलेनॉईड उघडला तर नळीतल्या दाबाने पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये साचतं आणि पुढचा स्टार्ट धडाक्याने होतो.

पंपाच्या रिलेवरून प्लस घेतला असेल तर चावी ऑन केल्यावर तो दोनेक सेकंदच येतो, तेव्हा चाचणीपुरता दुसरीकडून द्या आणि नंतर काढायला विसरू नका. पेट्रोलच्या दाबाच्या स्विचलाही चाचणीपुरतं वायरीने जोडून घ्या. आर्मिंग चालू करा: काही आवाज येता कामा नये. कुणाला तरी पेडल हळूहळू दाबायला सांगा आणि तुम्ही एक हात सॉलेनॉईडवर ठेवा. अगदी शेवटच्या टप्प्यातच टक् लागला पाहिजे. पाय सोडताच दुसरा टक्. हा सुटण्याचा टक् मी वीस वेळा मोजतो, तोंडाने आकडे म्हणत. एकही चुकला तर रिले काढतो. दर वेळी दोन-तीन सेकंदच धरा, हे सॉलेनॉईड सतत चालण्यासाठी नसतात, कॉइल जळते. मग आर्मिंग बंद करून पेडल पूर्ण दाबा: शांतता. शेवटी आर्मिंग पुन्हा चालू करून मायक्रोस्विचला येणारी वायर मुद्दाम बॉडीला लावा. छोटा फ्यूज उडाला आणि सॉलेनॉईड गप्प राहिला, की काम पास. चाचणीचे सगळे तात्पुरते जोड तिथल्या तिथे काढा.

प्रोग्रेसिव्ह कंट्रोलरला हाच रिले चालेल?

नाही. तो कंट्रोलर गॅस हळूहळू वाढवायला सॉलेनॉईडची सेकंदाला अनेक वेळा उघडझाप करतो, साधा रिले त्यात काही दिवसांत संपतो. हलणारे पॉइंट नसलेला सॉलिड स्टेट रिले लागतो.

बाटली कुठे भरून मिळेल? इस्पितळातला गॅस चालतो म्हणतात.

त्या निळ्या सिलिंडरवर कुणाचं तरी ऑपरेशन अवलंबून असतं, त्याला हात लावू नका. बाहेरून आलेल्या बाटलीला भारतात भरायची तर पेसोची (स्फोटकं आणि गॅस सिलिंडरांवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची) मान्यता लागते, आणि ठरलेल्या मुदतीत दाबाची चाचणी झालेली लागते. बाटलीच्या खांद्यावर ठोकलेली तारीख बघा. पाच वर्षं उलटून गेली असतील तर वायरिंगला हात घालण्याआधी तो प्रश्न सोडवा.

किट पुढे विकायचं झालं तर रिलेसकट विकू का?

रिले काढून घ्या. सॉकेटमधल्या वायरी कापू नका, प्रत्येकीला आकडा लिहिलेली चिठ्ठी बांधा. दोन्ही सॉलेनॉईडचे मोजलेले ओम, फ्यूजचे अँपिअर आणि हाताने काढलेली आकृती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ब्रॅकेटला बांधून द्या. त्या एस्टीमवाल्या पोराने गेल्या वर्षी किट बेळगावला विकलं, तेव्हा मी त्याला असंच करायला लावलं. चिकटलेला तो जुना रिले माझ्या टेबलाच्या खणात आहे. किट घेऊन येणाऱ्याला आधी तो हातात देतो, मग कामाचं बोलतो.